मास्टर खाली घेऊन काय होत नसतंय

आवाज फाटायला लागला की पळत जाऊन मिक्सरचा मास्टर, म्हणजे सगळे माईक मिळून एकूण आवाजाचं बटण, खाली ओढणारा माणूस तुम्ही पण बघितला असेल. सप्ताह असो, लग्न असो, जयंती असो नाहीतर शाळेचं गॅदरिंग, हात बरोबर तिथंच जातो. आवाज कमी होतो, फाटायचा काय थांबत नाही. मग मंडपाच्या मागून कोणतरी ओरडतं, "ओ साऊंडवाले, काहीच ऐकू यायला नाही की इकडं," की मास्टर परत वर. आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज-धारूर-अंबाजोगाई पट्ट्यात सिझनमध्ये हे रोजचं आहे. साऊंडच्या धंद्यात आहे म्हणून पोरं मला फोन करून विचारतात की दादा आवाज कामून फाटायलाय, आणि फोनवर गेन काय, फेडर काय हे समजावून सांगायचं म्हणजे तोंडाला फेस येतो, म्हणून एकदा बसून लिहूनच टाकतो.

सगळा खेळ पहिल्या बटणाचा आहे. चॅनेलच्या, म्हणजे एका माईकसाठी मिक्सरवर जी उभी पट्टी असते तिच्या, सगळ्यात वर, जिथं वायर लागते तिथंच खाली, गेन नाहीतर ट्रिम असं लिहिलेलं. साधा डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरून बोललं तरी त्याच्यातून निघतात काही मिलिव्होल्ट, आणि मिक्सरच्या आत काम चालतं ते साधारण एक व्होल्टाच्या आसपास, म्हणजे प्रोफेशनल लाईन लेव्हल जी धरतात ती +४ डीबीयू, १.२३ व्होल्ट. ह्या दोघांतली दरी भरून काढायचं काम गेनचं. डीबी म्हणजे डेसिबल, सिग्नल किती वाढला-कमी झाला ते मोजायचं माप. ४० डीबी गेन दिला म्हणजे व्होल्टेज १०० पट झालं, ५० दिला म्हणजे ३०० पटीच्या वर. आता हा जो वाढवणारा सर्किट आहे त्याला आतून सप्लाय ठराविक व्होल्टचाच आहे, त्याच्या पलीकडं तो जाऊच शकत नाही, त्यामुळं आवाजाची लाट त्याच्याहून मोठी व्हायला गेली की वरचा आणि खालचा शेंडा सपाट कापला जातो. कापला म्हणजे गेला. पुढं फेडर, म्हणजे चॅनेलच्या तळाची सरकपट्टी, खाली घ्या, मास्टर खाली घ्या, ऍम्पचं (स्पीकरला ताकद देणाऱ्या मशीनचं) बटण कमी करा, तो सपाट शेंडा सपाटच राहणार, नुसता बारका होऊन बाहेर पडणार. येसराच्या आमटीत मीठ जास्त पडलं तर ताटात अर्धीच वाटी वाढून ती काय कमी खारट लागत नाही, तसलंच हे.

मग गेन लावायचा कसा? इथंच "हॅलो हॅलो माईक टेस्टिंग वन टू थ्री" नडतं. जो पोरगा हॅलो हॅलो करतो तो माईक हातभर लांब धरून, लाजत, हळू आवाजात करतो. त्याच्यावर गेन लावला आणि नंतर तिथं महाराज उभे राहिले की संपलं. कीर्तनातला आवाज किती खालीवर होतो हे ज्यानं मिक्सरवर बसून बघितलं त्यालाच माहिती. सुरुवातीचं भजन, मग अभंग, मग निरूपण सुरू झालं की महाराज एकदम खाली येतात, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं बोलतात, सगळा मंडप शांत, म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून ऐकायल्यात, आणि त्याच्यातूनच दोन मिनिटांत "विठ्ठल विठ्ठल" असं उचलतात की मागचे पंचवीस-तीस टाळकरी, मृदंग, गायक सगळे एकदम तुटून पडतात. आणि ह्या वेळेला महाराज माईकपासून लांब पण जात नाहीत, उलट जवळ येतात. दोन्हीतला फरक २०-२५ डीबी आरामात होतो. गेन लावायचा तो ह्या वरच्या टोकासाठी, खालच्या कुजबुजीसाठी नाही.

अडचण ही की महाराज साऊंडचेकला येत नसतात. जेवण उरकून, गाडीतून उतरून, दर्शन घेऊन थेट माईकपाशी, नऊच्या ठोक्याला. म्हणून मी काय करतो, हरिपाठ धरतो. सप्ताहात संध्याकाळी हरिपाठ असतोच, तेच टाळकरी, तोच मृदंग, बहुतेक वेळा तेच गायक, आणि हरिपाठाला सगळे खुल्या आवाजात असतात, पावली खेळत असतील तर विचारूच नका. ह्याच्याहून चांगला साऊंडचेक पैसे देऊन मिळणार नाही. पोरं नेमकी ह्याच वेळेला चहाला जातात. महाराजांचा माईक एखाद्या गायकाच्या हातात द्यायचा, पूर्ण ताकदीनं एक चरण म्हणायला लावायचं आणि त्याच्यावर गेन लावून वरून आणखी ६ ते १० डीबी कमी ठेवायचा. कामून, तर माणूस चेकला देतो त्याच्यापेक्षा पब्लिकसमोर नेहमी जास्तच देतो. गायक असो का पुढारी, सगळ्यांना लागू.

प्रत्यक्षात असं. चॅनेलचा फेडर पूर्ण खाली, गेन पूर्ण डावीकडं, हाय-मिड-लो तिन्ही बटणं मधोमध. मग त्या चॅनेलचं पीएफएल दाबायचं. पीएफएल दाबलं की फेडरच्या आधीचा, म्हणजे गेनमधून निघालेला आवाज मेन मीटरवर आणि हेडफोनवर येतो, बाहेर मंडपात काहीच जात नाही. कित्येक जणांच्या मिक्सरवर ह्या बटणाला अजून बोट लागलेलं नाही, धूळ बघूनच कळतं. समोरचा जोरात गात असताना गेन हळूहळू उजवीकडं, मीटर शून्याच्या आसपास नाचला पाहिजे, एखादा जोराचा झटका +६ ला गेला तरी हरकत नाही. ऍनालॉग मिक्सरला मीटरच्या शून्याच्या वर बहुतेक १६ ते २० डीबी जागा असते, ती मुद्दाम ठेवलेली असते, ती वापरून टाकायची नसते. चॅनेलवरचा लाल पीक लाईट बहुतेक मिक्सरवर आवाज कापायच्या काही डीबी आधीच पेटतो, तो कधीतरी चुकून लुकलुकला तर घाबरायचं काम नाही, पण गाण्याच्या ठेक्यावर लागत असेल तर गेन जास्तच आहे. डिजिटल मिक्सरवर हिशोब वेगळा, तिथं शून्य म्हणजे छत, शून्याच्या वर काहीच नसतं, म्हणून सरासरी -१८ च्या आसपास आणि झटके -१० पर्यंत धरले की झालं. ऍनालॉगवर हात बसलेली माणसं डिजिटलवर पण शून्याला टेकवायला जातात आणि मग म्हणतात नव्या मिक्सरला दम नाही.

मृदंगाचं जरा सविस्तर सांगतो, कारण फाटायची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते आणि नाव महाराजांच्या माईकचं होतं. मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात. ओली कणीक ताजी असली की तो जो घुमतो, त्या एका थापेत माईकला जो धक्का बसतो तो मीटरवर दिसतच नाही. काट्याचा व्हीयू मीटर मुळात ३०० मिलिसेकंदाच्या हिशोबानं बनवलेला, थाप तोवर येऊन गेलेली असते. काटा -५ वर डुलत असतो आणि आत शेंडे कापले जात असतात. म्हणून मृदंगाला काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, पीक लाईट बघायचा. डाव्या अंगाचा माईक एकदम कातड्याला चिकटवून ठेवू नका, चार बोटं लांब घ्या, चॅनेलला पॅड (आवाज पाडणारं बटण) असेल तर दाबा, साधारण २० डीबी तिथंच कमी होतो. आणि तासाभरानं मृदंगवाला कणकेला पाणी लावतो, नाहीतर नवीन गोळा थापतो, तेव्हा आवाज परत बदलतो, तेव्हा एकदा पीएफएल दाबून बघा. हे कोणी करत नाही. मृदंगवाला वाटीत हात घालतोय हे दिसलं की मी हेडफोन उचलतो, एवढं साधं आहे.

गेन लागला की फेडर शून्याच्या खुणेवर. तळात नाही, सगळ्यात वर पण नाही, पट्टीवर जिथं ० लिहिलंय तिथं. फेडरची गंमत ही आहे की शून्याजवळ बोटभर सरकवलं तर थोडाच फरक पडतो आणि तळाशी नखभर सरकवलं तर एकदम १०-१५ डीबीची उडी. फेडर तळाशी ठेवून चालवायची वेळ येत असेल तर तुमचा गेन नाहीतर ऍम्प जास्त आहे, हे फेडरच सांगतंय. मंडपात किती आवाज पाहिजे ते ऍम्पच्या बटणावर ठरवा. आणि ते ऍम्पचं बटण म्हणजे वॅट नव्हेत बरं का, ते नुसतं ऍम्पच्या आत किती सिग्नल घ्यायचा एवढंच सांगतं, अर्ध्यावर ठेवलं म्हणजे ऍम्प अर्ध्या ताकदीनं चालतो असं नाही, मिक्सरमधून जास्त आलं तर अर्ध्यावर पण त्याचा क्लिप लाईट, म्हणजे आवाज कापला जातोय हे सांगणारा दिवा, पेटतोच.

बरं, सगळे चॅनेल नीट लावले तरी मास्टर लाल होऊ शकतो. दोन सारख्या जोराचे आवाज एकत्र झाले की ३ डीबी वाढ, दहा झाले की १० डीबी. टाळकऱ्यांसमोर चार माईक, दोन गायक, मृदंगाचे दोन, पेटी, वीणेकरी, महाराज, सगळे एकदम सुरू झाल्यावर मास्टरवर गर्दी होणारच. अशा वेळी मास्टर खाली घेणं बरोबर आहे का, तर नाही, चॅनेलचे फेडर सगळे थोडे थोडे खाली घ्या, नाहीतर टाळाचे दोन माईक बंदच करा. खरं सांगू का, टाळाला माईकची गरजच नसते, महाराजांच्या आणि गायकांच्या माईकमधून टाळ एवढा येतो की वेगळा लावला तर मंडपात नुसता खणखणाट. पण मंडळाचे लोक माईक मोजतात! अमक्या गावाला चौदा माईक होते, आमच्याकडं दहाच कामून? मग मी स्टँडवर माईक लावून ठेवतो आणि म्यूट करतो. सगळे खुश.

इक्यू, म्हणजे ती हाय-मिड-लोची बटणं, पण ह्याच्यातच धरा. बेसचं बटण पूर्ण उजवीकडं म्हणजे बहुतेक मिक्सरवर १५ डीबी, आणि १२ डीबी म्हणजेच व्होल्टेज चारपट झालं. गेन एकदम नीट लावला आणि नंतर कोणी शौकीन पोरानं बेस घुमवला की चॅनेल आतून फाटतो. माणसाच्या आवाजाच्या चॅनेलला उलट ८० किंवा १०० हर्ट्झचा लो कट (त्याच्या खालचे स्वर कापणारं बटण) दाबून टाका, वाऱ्याचा फडफडाट, स्टँडला लागलेले पाय, माईकवर फुंकर, हे सगळं कचऱ्याचं ओझं निघून जातं आणि तेवढी जागा आवाजाला मिळते.

इकोचं एक प्रकरण फार फसवं आहे. कीर्तनाला इको पाहिजेच, त्याशिवाय लोकांना कीर्तन वाटतच नाही. होतं काय की महाराजांचा मूळ आवाज स्वच्छ असतो आणि मागून येणारा इको फाटलेला असतो, दोन्ही मिसळून ऐकणाऱ्याला वाटतं माईकच खराब. इको तयार करणाऱ्या इफेक्टला जाणाऱ्या ऑक्सचं (वेगळ्या वाटेनं आवाज पाठवायचं) बटण जास्त उघडलेलं असतं आणि इफेक्टचा स्वतःचा पीक लाईट लाल झालेला असतो, तिकडं कोणी बघतच नाही. इको एकदा पूर्ण बंद करून ऐका. स्वच्छ झालं तर ऑक्स कमी करा आणि इफेक्टचा परत येणारा फेडर वाढवा, इको तेवढाच राहतो, फाटत नाही.

कॉलर माईकवाले महाराज आले की आणखी एक नमुना. मिक्सरचा गेन पार शून्यावर, तरी फाटायलंय. मग समजायचं की मिक्सरच्या आधीच घोटाळा आहे. महाराजांच्या कमरेला जो ट्रान्समीटर असतो त्याची स्वतःची सेन्सिटिव्हिटी असते, चांगल्या सेटला मेनूत नाहीतर बॅटरीच्या झाकणाखाली बारका खटका असतो, तो जास्तवर असला तर आवाज हवेत जायच्या आधीच कापलेला असतो. दुसरं म्हणजे रिसीव्हरच्या मागं माईक का लाईन असा खटका असतो, तो लाईनवर आणि वायर मिक्सरच्या माईक इनपुटला, म्हणजे मिलिव्होल्टच्या जागी व्होल्टात माल यायला लागला. मोबाईलचं पण तेच. गाणं लावायला मोबाईल थेट माईकच्या एक्सएलआरला जोडू नका, लाईन इनपुट नाहीतर स्टिरिओ चॅनेल वापरा, मोबाईलचा आवाज ८० टक्क्यांच्या आसपास, आणि बारक्या मिक्सरवर सगळ्या चॅनेलला मिळून एकच फँटम बटण असतं, माईकच्या वायरीतून ४८ व्होल्ट पाठवणारं, ते चालू आहे का बघा. साध्या डायनॅमिक माईकला बॅलन्स वायरीवर त्याचा त्रास होत नाही, पण मोबाईल-लॅपटॉपच्या जॅकला असले ४८ व्होल्ट दाखवायचे नसतात.

आता एवढं वाचून काही जण गेन एकदम तळाला घेऊन बसतील, ते पण चूक. गेन कमी ठेवला की फेडर आणि ऍम्प वाढवावा लागतो आणि मग वायरीचा, मिक्सरचा स्वतःचा जो सूंऽऽ आवाज असतो तो पण सोबत वाढून येतो. निरूपणात महाराज थांबले की मंडपात नुसती वाफ सुटल्यासारखी. आणि स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये जाऊन जी शिट्टी येते तिचं म्हणाल तर, गेन कमी करून फेडर तेवढाच वाढवला तर शिट्टी तिथंच येणार, तिला एकूण वाढवणं किती एवढंच कळतं. शिट्टीचा इलाज मिक्सरवर कमी आणि स्पीकर-माईक कुठं ठेवलेत ह्याच्यात जास्त आहे, तो विषय वेगळा.

मिक्सर एकदम हिरवागार, एक लाल लाईट नाही, हेडफोनवर पीएफएलमध्ये स्वच्छ, आणि बाहेर फाटायलंय, असं असेल तर पुढं जा. क्रॉसओव्हर, म्हणजे बेस आणि टॉपला आवाज वाटून देणारी मशीन, बघा, ऍम्पचा क्लिप लाईट बघा. आणि सगळ्यात आधी व्होल्टेज बघा. आपल्याकडं सप्ताहाच्या मंडपाला लाईट कुठून येते हे मी सांगायची गरज नाही, त्याच डीपीवर पिठाची गिरणी, मोटारी, हॅलोजन, आइसक्रीमवाल्याचा गाडा. संध्याकाळी २३० चे १८० झालेले असतात. ट्रान्सफॉर्मरवाला जुना वजनदार ऍम्प असेल तर त्याचे आतले व्होल्ट त्याच प्रमाणात पडतात, आणि पॉवर पडते व्होल्टच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबानं, म्हणजे १८० वर साठेक टक्केच ताकद उरते. दुपारी जिथं नीट वाजत होतं तिथं रात्री नऊला फाटतं ते ह्याच्यामुळं. बरीच पोरं इथं मिक्सर बदलून बघतात. स्टॅबिलायझर नाहीतर जनरेटर, तिसरा उपाय नाही, नाहीतर आवाज कमी ठेवा.

पण आवाज कमी ठेवा म्हणलं की भांडण. मला वाटतं आपल्या लोकांच्या कानाला फाटका आवाज म्हणजेच मोठा आवाज अशी सवय लागलीय. इतकी वर्षं भोंग्यावर ऐकलं, तो भोंगा मुळातच नाकात बोलल्यासारखा, त्यामुळं स्वच्छ आवाज ऐकला की तात्या येऊन म्हणतात, "बाळा, आज मशीन उठंना व्हय?" मी म्हणतो तात्या, शेवटच्या ओळीत बसून बघा शब्द कळतो का. जातात, बसतात, परत येत नाहीत, म्हणजे कळत असावा. फाटक्या आवाजात जोर वाटतो हे खरं आहे, त्याला कारण पण आहे, लाट कापून कापून पूर्ण चौकोनी झाली की तेवढ्याच उंचीत तिची पॉवर दुप्पट होते. ती दुप्पट पॉवर स्पीकरच्या कॉईलमधून जाते, आणि कापण्यामुळं जे वरचे खरखरीत स्वर तयार होतात ते सरळ टॉपच्या (वरचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरच्या) बारक्या डायफ्रामवर जाऊन आदळतात. छोटा ऍम्प मोठ्या स्पीकरला लावला म्हणजे स्पीकर जळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, छोटा ऍम्प सतत क्लिपमध्ये चालवला तर तोच आधी टॉप उडवतो. आणि पैसे कोण देतं? मंडळ तर देत नाही.

राहिलं रेकॉर्डिंग. आता प्रत्येक गावात कीर्तन यूट्यूबवर जातं आणि कॅमेरावाला येऊन म्हणतो एक आउट द्या. त्याला मेन आउटची वायर देऊ नका, तिथं व्होल्टात माल आहे आणि त्याच्या कॅमेऱ्याला माईक इनपुट आहे, मंडपात स्वच्छ आणि यूट्यूबवर फाटकं असं जे होतं ते इथंच. वेगळा ऑक्स द्या, प्री-फेडर, म्हणजे मंडपासाठी तुम्ही फेडर हलवले तरी त्याचं रेकॉर्डिंग हलत नाही. कॅमेऱ्याला लाईन सेटिंग असेल तर ती, नसेल तर मधे ऍटेन्युएटरवाली (सिग्नल पाडणारी) वायर. कॅमेऱ्याचा ऑटो गेन बंद, कारण महाराज गप्प बसले की तो ऑटो गेन स्वतःहून वाढत जातो आणि पुढचा "विठ्ठल" फाटूनच येतो. झटके -१२ च्या आसपास ठेवा, कमी वाटलं तर घरी वाढवता येतं, कापलेलं मात्र कोणत्याच सॉफ्टवेअरनं पहिल्यासारखं होत नाही. आणि कॅमेरावाल्याला नऊला नका बोलावू, हरिपाठाला बोलवा, पाच मिनिटं रेकॉर्ड करून तिथंच हेडफोन लावून ऐकायला लावा. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून "झकास आलंय" म्हणणाऱ्याचं काही खरं धरू नका.